चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या आमच्या बेसाच्या सोसायटीत लाकडी बैलांची चाकं खडखडायला लागली की मी गॅलरीचं दार लावून घेते. शेजारच्या बाईंना वाटतं, मला पोरांचा कंटाळा आहे. वाटू दे. तान्ह्या पोळ्याला नटूनथटून आलेल्या पोरांशी माझं काही वैर नाही. दाराशी आली तर हातावर खाऊ ठेवते, बैलाच्या पाठीवरून हात फिरवते, कोणाच्या बैलाची शिंगं छान रंगवलीत तेही सांगते. वैर आहे ते त्या आवाजाशी. चार लहान चाकं फरशीवरून ओढली गेली की माझं बोट घसरतं. पन्नासेक वर्षांपूर्वी ते एकदा घसरलं होतं. अजून घसरतंच आहे.

तिकडे इतवारी-महालात त्याच दिवशी मारबत नावाच्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. गावभराची इडा-पीडा तिच्या डोक्यावर घालायची, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून बोंब ठोकायची आणि वेशीबाहेर नेऊन जाळून टाकायची. नागपूरकरांची ही सोय मला मनापासून आवडते. वर्षभर ज्याचा राग येतो त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करावा, मिरवावा, जाळावा आणि घरी येऊन जेवावं. मीही दरवर्षी मनातल्या मनात दोन माणसांना तिच्या डोक्यावर बसवून देते. संध्याकाळपर्यंत दोघेही परत घरी येऊन बसलेले असतात. एक माझे बाबा आणि दुसरे पांढरीपांडे साहेब.

ते वर्ष सत्तरच्या आगेमागेचं. मी मॅट्रिकला नापास झाले होते, तेही फक्त इंग्रजीत, अकरा मार्कांनी. त्या काळी इंग्रजीत जाणं ही काही मोठी बेअब्रू नव्हती. इंदोऱ्यातल्या आमच्या गल्लीत घरटी एक माणूस इंग्रजीत गेलेला होता. पण माझी आत्या कुहीजवळच्या खेड्यात राहायची, धानाची शेती होती आणि मुलगा लग्नाचा होता. माझी गुणपत्रिका हातात पडायच्या आधी तिचा निरोप हजर: “शिकून झालं नं तिचं आता?” बाबांनी ऑक्टोबरपर्यंतची मुदत मागून घेतली. ऑक्टोबरच्या परीक्षेत इंग्रजी सुटलं तर कॉलेज, नाही तर दिवाळीनंतर कुही. आतेभाऊ वाईट नव्हता. मनमिळाऊ होता, हसायचा छान. पण मला कॉलेजात जायचं होतं, आणि ते मला इतकं हवं होतं की मी रोज रस्त्याने जाताना कॉलेजच्या फाटकाकडे पाहायचंच टाळायचे.

बाबा एका मोठ्या वाचनालयात चपराशी होते. सकाळी दारं उघडायची, टेबलं पुसायची आणि दिल्लीहून विमानाने आलेलं पेपरांचं बंडल सोडून एकेका पेपरवर शिक्का मारायचा. तेव्हा नागपूरचा तोराच वेगळा होता. देशाच्या चार कोपऱ्यांतून निघालेली टपालाची विमानं सोनेगावला एकमेकांना भेटत, पिशव्यांची अदलाबदल करत आणि आल्या वाटेने परत जात. त्यामुळे दिल्लीचा पेपर आमच्या वाचनालयात त्याच दिवशी सकाळी यायचा. बाबांना याचा केवढा अभिमान! जणू विमानं त्यांची सही झाल्याशिवाय उतरत नव्हती. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं सगळी ओळखायचे, शब्द मात्र एकही लागायचा नाही. ए, बी, सी एकेक करून वाचत जायचे आणि शेवटी नुसते हसायचे.

त्या वाचनालयात रोज येणारे पांढरीपांडे साहेब म्हणजे सरकारी कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, धंतोलीत राहणारे गृहस्थ. इंग्रज साहेबाच्या हाताखाली फायली लिहिलेला माणूस. त्यांची ख्याती एकाच गोष्टीची होती. इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं ते चहा निवायच्या आत सोडवतात, असं लोक सांगायचे. आणि ते साधं कोडं नव्हे. आपल्या मराठी कोड्यात ‘पाणी, दोन अक्षरी’ असं सरळ विचारतात, आपण ‘जल’ लिहून मोकळे होतो. हे विलायती कोडं सरळ बोलतच नाही. त्याचं प्रत्येक वाक्य ओठांत एक आणि पोटात एक ठेवतं. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा खरा अर्थ दडवलेला, आणि उरलेल्या वाक्यात अक्षरं कशी जोडायची, कशी उलटीपालटी करायची याची कृती. अर्थ कुठे संपतो आणि कृती कुठे सुरू होते, ते आपण ओळखायचं. वाचणाऱ्याला चकवण्यासाठीच लिहिलेलं वाक्य. तेव्हा मला याची फार गंमत वाटली होती.

साहेबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्या काळी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं लागे, आणि ऑपरेशन करायचं ते थंडीत. साहेबांचं वाचनालयात येणं बंद झालं. बाबा त्यांची विचारपूस करायला गेले आणि तिथे माझं रडगाणं गाऊन आले. साहेब म्हणाले, “मेश्राम, पाठव पोरीला. रोज चार वाजता येऊन पेपर वाचून दाखवेल. मला बातम्या कळतील, तिला इंग्रजी कळेल.”

पहिल्या दिवशी घरी आले तर बाबांनी इंग्रजीचं काही विचारलंच नाही. विचारलं ते हेच: “चहा कशात देल्ला वं?” मी सांगितलं, साहेबांचा कप होता तसाच कप, निळ्या काठाचा. बाबा बराच वेळ सायकलची चेन पुसत बसले. मग म्हणाले, “माणूस मोठा आहे.” त्या निळ्या काठाच्या कपावर मी किती विश्वास ठेवला होता! आज कोणी मला चांगल्या कपात चहा दिला की मी आधी कपाकडे बघते आणि मग माणसाकडे.

साहेबांच्या घरीही तोच दिल्लीचा पेपर यायचा, पण रेल्वेने. म्हणजे एक दिवस शिळा. सोमवारचा पेपर साहेबांच्या हाती मंगळवारी पडायचा, आणि मंगळवारी वाचनालयात मंगळवारचा ताजा पेपर विमानाने आलेला असायचा. सोमवारच्या कोड्याचं उत्तर मंगळवारच्या पेपरात. हे सगळं मला ठाऊक होतं. दोन्ही पेपर माझ्या डोळ्यांसमोरचे होते. पण आपल्याच माणसांत अशी बेरीज-वजाबाकी कोण करतं?

पहिला आठवडा फजितीचा गेला. मी बातम्या अडखळत वाचल्या, अग्रलेख ठेचाळत वाचला, आणि मग साहेब म्हणाले, “आता कोडं काढ.” मी वाक्यं वाचायची, त्यांनी उत्तर सांगायचं, मी पेन्सिलीने चौकोनात लिहायचं. साहेब डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर अक्षरं गिरवत बसायचे. “वाच पुन्हा.” मी पुन्हा वाचायचे. “किती अक्षरी म्हणालीस? पुन्हा वाच.” पाच दिवसांत तीन शब्द भरले, त्यांतला एक चुकला. शनिवारी घरी येऊन मी थैली आपटली आणि बाबांना म्हटलं, “तुमच्या साहेबाले काही येत नाही. नुसतं नाव मोठं. मी नाही जात आता.” बाबा म्हणाले, “असं नाही म्हणू वं. म्हातारे झाले ते.” “झाले असतील,” मी म्हटलं. सतरा वर्षांची होते, जीभ सत्तरची होती.

एक दिवस आणखी जा, म्हणून बाबांनी गळ घातली, आणि मी सोमवारी तोंड फुगवून गेले. त्या दिवशी चमत्कार झाला. मी आकडा सांगायची, वाक्य वाचायची. साहेब डोळे मिटून जरा थांबायचे, मिशीवरून हात फिरवायचे आणि उत्तर द्यायचे. नुसतं उत्तर नाही, त्या वाक्याची चिरफाड करून दाखवायचे. “हे बघ यशोधरा, इथपर्यंत अर्थ. इथून पुढे कृती. ग्रोन म्हणजे कण्हणं. या शब्दाची पाच अक्षरं हालवायची, त्यात एक ई घालायचा, काय झालं? ऑरेंज! नागपूरच्या पोरीला संत्रं सुटत नाही?” मी वेडीच झाले. तासाभरात कोडं भरून गेलं. माई, म्हणजे साहेबांची बायको, आतून बाहेर येऊन बघून गेल्या आणि काही न बोलता परत आत गेल्या. त्यांच्या त्या गप्प बसण्याचाही अर्थ मला लागला नाही.

मग जो पावसाळा गेला, तसा माझ्या आयुष्यात दुसरा नाही. पत्र्यावर पाणी वाजतंय, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीला ओल सुटलीय, डोळ्यांत घालायच्या औषधाचा उग्र वास, माईंच्या स्वयंपाकघरातून येणारा सांडग्यांचा खमंग वास, आणि माझ्या पेन्सिलीखाली एकेक चौकोन भरत चाललेला. शब्दाला आतून कसं बघायचं ते मला तिथे कळलं. एका मोठ्या शब्दाच्या पोटात दोन लहान शब्द निजलेले असतात, वाक्याचा रोख एकीकडे आणि घर दुसरीकडे असतं. शाळेत ज्या इंग्रजीने मला अकरा मार्कांनी आपटलं होतं, ती आता माझ्यासमोर बसून केस विंचरू देत होती.

आणि एक दिवस एक कोडं माझं मी सोडवलं. वाक्यात जाडेपणा होता, एक बाई होती आणि जन्म देणारं कोणीतरी होतं. साहेब काही बोलेनात. मीच ओरडले, “फॅट आणि हर! फादर!” साहेबांनी टाळी वाजवली, माईंना हाक मारली, मला दोन बेसनाचे लाडू मिळाले. मी धावतच घरी आले. “बाबा, आज तुमच्यावर कोडं आलं होतं, मी सोडवलं!” बाबांना काही कळलं नाही, पण ते इतके हसले, इतके हसले, की आई बिड्या वळायचं सूप बाजूला ठेवून बघायला आली.

त्याच दुपारी बाबांनी ते उत्तर साहेबांना वाचून दाखवलं होतं. एफ, ए, टी, एच, ई, आर. आपण काय वाचतोय हे त्यांना माहीतही नव्हतं. हे मला कळलं पोळ्यानंतर, आणि ते कळल्यावर तो लाडू माझ्या घशात जो अडकला तो अजून उतरलेला नाही.

तान्ह्या पोळ्याच्या त्या दुपारी धंतोलीच्या गल्लीत पोरांची नुसती धांदल होती. कोणाचा बैल मुठीएवढा, कोणाचा वासराएवढा, आणि सगळ्यांची चाकं वाजताहेत. मी कोडं वाचत होते. अकरा झाला होता. “बारा आडवा, सात अक्षरी,” मी म्हटलं, आणि तेवढ्यात फाटकाशी एक भलामोठा बैल धाडकन आडवा झाला. मी मान वर करून पाहिलं, हसले, पुन्हा पेपरात बोट ठेवलं आणि पुढचं वाक्य वाचलं. खलाशी होते त्यात, जहाज होतं, दोर होता. साहेबांनी डोळे मिटले. मिशीवरून हात फिरवला.

“लँटर्न,” ते म्हणाले. कंदील.

“ते कसं?” मी विचारलं. कारण रोज तीच तर मजा असायची.

“अं… खलाशी लावतात ना कंदील. जहाजावर.”

इतकं लंगडं उत्तर त्यांनी कधी दिलं नव्हतं. मी लिहिलं. अक्षरन्‌अक्षर बसलं, उभ्या शब्दांतून आधीच आलेल्या तिन्ही अक्षरांवर बरोब्बर बसलं. मग कृती शोधायला म्हणून मी ते वाक्य पुन्हा बघितलं, आणि माझं बोट चौदावर होतं. मी चौदाचं वाक्य वाचलं होतं. बाराचं वाक्य दोन ओळी वर तसंच पडलेलं होतं, उजेडाबद्दलचं, सरळ कंदिलाकडे बोट दाखवणारं. ते मी वाचलंच नव्हतं.

चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर आलं होतं.

समोर साहेब डोळे मिटून, प्रसन्न चेहऱ्याने तेराची वाट बघत बसले होते. मी तेरा वाचला. चौदा वाचायची वेळ आली तेव्हा तेच खलाशाचं वाक्य मी दुसऱ्यांदा वाचलं, आणि साहेबांनी निराळंच उत्तर दिलं, तेही बरोबर. एकदाही म्हणाले नाहीत, की पोरी, हे तर तू आत्ताच वाचलं होतंस. ते वाक्य ऐकतच नव्हते. आकडा ऐकत होते.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटत नाही, वाटायला हवी. मी मुद्दाम आकडे बदलून वाचले. तीनचा आकडा आणि आठाचं वाक्य, वीसचा आकडा आणि सहाचं वाक्य. एक आंधळा होत चाललेला माणूस खड्ड्याकडे चालत जातोय आणि मी बाजूला उभी राहून पावलं मोजतेय. साहेब प्रत्येक वेळी आकड्याचं उत्तर द्यायचे आणि मग त्या भलत्याच वाक्याला ते कसंबसं नेसवायला बघायचे. घाम यायचा त्यांना. तिसऱ्या दिवशी ते मध्येच थांबले. जाड चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“यशोधरा, तू आकडे चुकवून राहिलीस.”

“हो,” मी म्हटलं. “कोण सांगतं तुम्हाला उत्तरं?”

गल्लीतून कल्हईवाला ओरडत गेला. दारात माई उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्याच बोलल्या.

“सांगून टाका ना एकदाचं. तो बिचारा जेवणाच्या सुटीत सायकल हाणत येतो रोज. भर पावसात आला, ताप होता तरी आला. ताज्या पेपरातली उत्तरं उतरवून आणतो, एकेक अक्षर वाचून दाखवतो तुम्हाला. आणि तुम्ही इथे मिशा पिळता.”

“कोण?” मी विचारलं. विचारायची गरज नव्हती. सायकल म्हटल्याबरोबर मला चेनच्या तेलाचा वास आला होता.

साहेब म्हणाले, “ऐकून सुटत नाही गं ते. डोळ्यांनी अक्षरं दिसावी लागतात. मला वाटलं होतं, सुटेल.” एवढंच. क्षमा मागितली नाही, समजूत घातली नाही. मी पेन्सिल पेपरावर ठेवली, कपात अर्धा चहा होता तो तसाच ठेवला, आणि निघाले. माई मागून म्हणाल्या, “पोरी, चहा तरी संपव.” मी फाटक लावलंसुद्धा नाही.

धंतोलीहून इंदोऱ्यापर्यंत मी चालत आले. साहेबांचा राग आला होता, पण तो परक्याचा राग. तो माणूस मला पावसाळाभर सोंग दाखवत होता, ठीक आहे, मोठी माणसं सोंगं करतातच. पण बाबा! माझे बाबा रोज संध्याकाळी बुद्धवंदनेला बसून आम्हा सगळ्यांकडून पंचशील म्हणून घ्यायचे. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. आई दूधवाल्याला ‘ते घरी नाहीत’ म्हणाली तरी बाबा आतून ‘आहो मी’ म्हणून ओरडायचे. असा माणूस. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, मला त्या रस्त्यावर कळलं. परक्याच्या हातात सुरी दिसते तरी.

बाबा अंगणात सायकल उलटी करून पंक्चर बघत होते. मी म्हटलं, “काहून केलं तुम्ही असं?”

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. चाक फिरवत राहिले. “तूच म्हणली होती नं, याइले काही येत नाही, मी नाही जात. तू गेली नसती तं काय केलं असतं मी? ट्यूशनवाला कुठून आणला असता? मीच म्हटलं साहेबाइले. ते नाहीच म्हणून राहिले होते. मीच हात जोडले.”

“म्हणजे मी सोडवलेलं? फादर?”

“ते तूच सोडवलं नं.”

“त्याइले माहीत होतं! ते गप्प बसले म्हणून मी सोडवलं!”

“यशो वं,” बाबा म्हणाले, “मी खोटं नाही बोललो. मले कोणी विचारलंच नाही.”

या एका वाक्यावर मी जितकी चिडले तितकी आयुष्यात कशावर चिडलेली नाही. हे तर कोड्याच्या वाक्यासारखंच झालं, ओठांत एक आणि पोटात एक. मी ओरडले, “मंग पंचशील काहून म्हणता रोज?” आई बाहेर आली. शेजारची माणसं बाहेर आली. त्या संध्याकाळी वंदनेला आम्ही बसलो, आणि चौथ्या शीलाशी बाबा थांबले. आईने पुढचं म्हणून घेतलं. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगते, मला आतून गार गार, बरं वाटलं.

मी धंतोलीला पुन्हा गेले नाही. बाबांशी बोलणं सोडलं. म्हणजे ‘जेवा’, ‘दार लावा’ एवढंच उरलं. ऑक्टोबरला परीक्षा दिली. न वाचलेल्या उताऱ्यावर प्रश्न होते. मी उतारा बघितला आणि माझे डोळे आपोआप प्रत्येक वाक्याच्या दोन टोकांकडे गेले. अर्थ कुठे आहे, कृती कुठे आहे. साहेबांचा आवाज कानात, “इथपर्यंत अर्थ. इथून पुढे कृती.” मला रडू येईना आणि हसूही येईना. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. आत्याने आतेभावासाठी दुसरी मुलगी पाहिली. मी कॉलेजात गेले, तेही इंग्रजी घेऊन. पुढे तीस वर्षं तेच शिकवून पोट भरलं. आता यात माझं किती, त्या सोंगाचं किती, हे मला अजून वेगळं करता येत नाही. सोंगातून शिकलेली विद्या खरी निघाली, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. खोटी निघाली असती तर माफ करणं सोपं गेलं असतं.

थंडीत साहेबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जानेवारीत एका रविवारी बाबा तिकडून आले आणि घडी केलेला पेपर माझ्यासमोर धरला. “साहेबांनी देल्ला.”

कोडं भरलेलं होतं. जाड भिंगाच्या चष्म्यातून लिहिलेली मोठी, कापरी अक्षरं चौकोनांच्या बाहेर सांडली होती. कितीतरी ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलेलं. आणि दोन शब्दांच्या जागा मोकळ्या. खाली मराठीत लिहिलं होतं: ‘तीन दिवस लागले. दोन राहिले. मेश्रामला विचारलं नाही. येशील?’

बाबा दारातच उभे होते, चपला पायात. म्हणाले, “मी पाहतच नाही आता. शिक्का मारतानी मान भिंतीकडे करून घेतो.” आणि त्यांनी मान वळवूनही दाखवली, हातात खोटा शिक्का धरून.

त्यांनी मान पुन्हा वळवायच्या आत मला ते दोन्ही शब्द सुटले होते. उभ्याउभ्या. साहेबांना तीन दिवसांत सुटले नव्हते. म्हणजे साहेब खरं सांगत होते, खोटं सांगायचं असतं तर पेपर पूर्ण भरूनच पाठवला असता. हे एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: दोन मुद्दाम सोडले असतील. मला बोलवायला. पुन्हा मला जिंकवायला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ते ताक फेकूनच दिलं. पेपर घडी करून थैलीत टाकला आणि “बरं” म्हटलं.

होळीपर्यंत बाबा अधूनमधून विचारायचे, “जाऊन येतेस का वं धंतोलीले?” मग विचारणं बंद झालं. उन्हाळ्यात साहेब आणि माई मुलाकडे पुण्याला गेले. पुन्हा नागपूरला आले नाहीत. त्या कोड्याचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं असणार, ते मी बघितलं नाही. माझे दोन शब्द बरोबर होते हे मला माहीत होतं. बाकीचं जे तपासायचं होतं, ते कुठल्याच पेपरात छापून येणार नव्हतं.

मी आजही रोज कोडं सोडवते. चहा निवायच्या आत नाही, पण जेवणापर्यंत सुटतं. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तू माणसांशीही तशीच वागतेस, कोणी ‘कशी आहेस’ म्हटलं तरी त्यात काय दडलंय ते शोधतेस. शोधतेच. कोणी माझं कौतुक केलं की मी आधी बघते, हा कोणाच्या सांगण्यावरून बोलतोय. नवऱ्याने याबद्दल जन्मभर बोलणी खाल्ली, बिचाऱ्याचा काही दोष नसताना. तो पेपर माझ्या कपाटात आहे. पिवळा पडला, घडीवर फाटला. दोन जागा मोकळ्या आहेत. पेन्सिल शेजारीच असते.

बाबा शेवटची काही वर्षं माझ्याकडेच होते. एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, खाली लाकडी बैल खडखडायला लागले तेव्हा ते पलंगावर टेकून बसले होते. मी दार लावायला उठले. बाबा म्हणाले, “यशो वं, ते दोन शब्द खरंच नव्हते येत त्याइले. मी पाहिलं नव्हतं. गौतम बुद्धाची शपथ.”

माझ्या बाबांनी जन्मात कधी शपथ घेतली नव्हती. खरं बोलणाऱ्याला ती लागत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मला म्हणायचं होतं, हो बाबा, माहीत आहे मला. तोंडापर्यंत आलं होतं.

“असेल,” मी म्हटलं.

बाबांनी मान भिंतीकडे करून घेतली.